समजतं खूप, सांगता येतं थोडं

बाळ जन्मल्यावर काही दिवसांत, कधी काही तासांतच, आईबापांच्या कानांवर ‘डाउन सिंड्रोम’ हे शब्द पडतात. हृदयाची टूडी एको करून घ्या, थायरॉइड बघा, गुणसूत्रांच्या तपासणीला रक्त द्या, अशी यादी हातात येते. ती हवीच असते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो आणि त्याकडे वेळेत लक्ष देणं हे पहिलं काम. पण शस्त्रक्रिया पार पडते, बाळ घरी येतं, बाळसं धरतं, मान सावरतं, आणि मग आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न येतो: हा बोलेल ना? त्या प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

बहुतेक मुलं बोलतात. उशिरा बोलतात, तुटक बोलतात, परक्या माणसाला चटकन कळणार नाही असं बोलतात, पण बोलतात. आणि तोंडून पहिला शब्द निघण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना आपलं बोलणं कळत असतं. समज पुढे आणि बोलणं मागे, हे अंतर या मुलांच्या भाषेत पावलोपावली दिसतं. त्यांच्यावर होणारा सर्वांत मोठा अन्यायही तिथूनच सुरू होतो, कारण आपण सगळेच माणसाची बुद्धी त्याच्या बोलण्यावरून जोखतो. सात वर्षांचा मुलगा दोन शब्दांत बोलतो म्हणून आपण त्याच्याशी दोन वर्षांच्या मुलासारखं बोलू लागतो, गोष्टीही तेवढ्याच सांगतो, आणि त्याला कळू शकलं असतं ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये या मुलांचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. इंग्लंडमधल्या अर्ल्सवुड इथल्या संस्थेचे ते वैद्यकीय प्रमुख होते. माणसांना वंशांच्या उतरंडीत बसवणाऱ्या काळात त्यांनी या मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांना मंगोल वंशाशी जोडलं. ही चूक शंभर वर्षं पुस्तकांत राहिली आणि मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘मंगोल’ हा शब्द टाकला. पण त्याच निबंधात डाउन यांनी टिपलेली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही मुलं उत्तम नक्कल करतात, त्यांना विनोद कळतो, त्यांचं बोलणं जड आणि अस्पष्ट असलं तरी जिभेला पद्धतशीर व्यायाम दिला तर ते बरंच सुधारतं, असं त्यांनी नोंदवलं होतं. कारण ठाऊक नसताना, उपचारांची साधनं नसताना, जवळून पाहणाऱ्या माणसाला हे दिसलं होतं.

कारण कळायला १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए यांनी पेशी वाढवण्याचं तंत्र प्रयोगशाळेत बसवलं आणि जेरोम लेजून व रेमों त्युरपँ यांच्यासह ही गोष्ट जगापुढे आली: या मुलांच्या पेशींत ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रं असतात, एकविसावं गुणसूत्र दोनदा न येता तीनदा येतं. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये हाच प्रकार असतो. उरलेल्या थोड्यांत जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो किंवा काहीच पेशी बदललेल्या असतात. पेशी विभागताना झालेली ही घटना कुणाच्या वागण्याने होत नाही. ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणात अमुक खाल्लं, तमक्याची नजर लागली, असलं काहीबाही सुनेला ऐकवलं जातं, म्हणून हे इथे ठामपणे लिहून ठेवते. आईच्या वयानुसार शक्यता वाढते हे खरं. पंचविशीत ती साधारण १२०० जन्मांत एक असते, तर चाळिशीत १०० जन्मांत एक. तरी तरुण आयांना होणारी मुलंच एकूण जास्त असल्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी पुष्कळ बाळं तरुण आयांच्या कुशीत येतात.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येते.

‘मंद’ या एका शब्दाखाली सगळं झाकून टाकायची आपली जुनी सवय आहे. जणू या मुलांची प्रत्येक शक्ती सारख्याच मापाने कमी झालेली असते. गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनाने वेगळंच चित्र दाखवलं. ब्रिटनमध्ये क्रिस जॅरल्ड आणि स्मृतीच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेले अॅलन बॅडली यांनी या मुलांच्या अल्पकालीन स्मृतीचे दोन भाग वेगळे तपासले. एकात आकडे ऐकवायचे आणि त्याच क्रमाने परत म्हणायला सांगायचे. दुसऱ्यात फळीवर मांडलेल्या ठोकळ्यांना एका क्रमाने बोट लावायचं आणि मुलाला तसंच करायला सांगायचं. ठोकळ्यांचा क्रम या मुलांना त्यांच्या एकंदर समजेला साजेसा आठवला. ऐकलेल्या आकड्यांचा मात्र त्याहून पुष्कळ कमी. सर्वसाधारण मोठा माणूस सातेक आकडे धरून ठेवतो, डाउन सिंड्रोम असलेली कित्येक मोठी माणसंही तीन-चारावर थांबतात. कान कमी ऐकतात किंवा उच्चार जमत नाहीत एवढ्यावरून हे कोडं सुटत नाही, हेही त्यांनी दाखवलं. ऐकलेला आवाज मनात क्षणभर घोळवत ठेवण्याची ताकदच तोकडी पडते.

हा क्षणभर फार मोलाचा असतो. नवा शब्द शिकायचा तर त्याचे आवाज क्रमाने मनात टिकावे लागतात. वाक्य समजायचं तर क्रियापद येईपर्यंत कर्ता लक्षात राहावा लागतो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. “हातपाय धू, कपडे बदल आणि मग ताटावर बस” असं आई एका दमात म्हणते. मूल हातपाय धुतं आणि उभं राहतं. घरात त्याला हट्टी ठरवतात. प्रत्यक्षात पुढचं वाक्य त्याच्या मनातून निसटून गेलेलं असतं. एकेक सूचना द्या, सोबत बोटाने दाखवा, भिंतीवर तीन चित्रं ओळीने लावा, की तेच मूल तिन्ही कामं करतं. माझ्याकडे येणाऱ्या घरांत सगळ्यात लवकर फरक पडलेला मी पाहिला तो या चित्रांच्या ओळीमुळे. मुलाच्या आकलनात एका आठवड्यात काही बदलत नाही. मोठ्यांनी मागणी बदललेली असते.

स्मृतीच्या आधी कान येतात. या मुलांची कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे चिकट द्रव साचण्याचं प्रमाण फार मोठं असतं आणि निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं. हे कमी ऐकणं बहुधा चढउताराचं असतं: सर्दीत जास्त, उन्हाळ्यात कमी. त्यामुळे जन्मल्यावर केलेली कानांची बेरा चाचणी ठीक आली म्हणजे कायमचा निकाल लागला असं होत नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत मूल महिनोन् महिने कानांत बोळे घातल्यासारखं जगलेलं असू शकतं, नेमक्या त्याच काळात ज्यात भाषा आत जायला हवी.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झालेलं काम इथे जसंच्या तसं उचलून चालत नाही. मराठीत वाक्याचं व्याकरण शब्दांच्या शेपटाला बांधलेलं असतं. घर, घरात, घराला, घरातून, घराचा. बाबा आले, बाबांना दिलं, बाबांनी आणलं. कोणी, कुणाला, कुठून हे सारं त्या शेवटच्या लहानशा अक्षरात असतं, आणि नेहमीच्या बोलण्यात आपण ते अक्षर हळू, घाईत, कधी अर्धवट उच्चारतो. ज्याला ऐकायला कमी येतं आणि ऐकलेलं फार वेळ टिकत नाही, त्याच्याकडून नेमकं हेच गळतं. म्हणून “बाबा ऑफिस” हे दोन शब्द आपल्याला ऐकू येतात. बाबा ऑफिसला गेले, ऑफिसातून आले, की ऑफिसात आहेत, हे त्या मुलाला ठाऊक असतं. सांगायचं हत्यार हाती नसतं. अशा वेळी “नीट बोल” म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याचंच वाक्य पुरं करून त्याला परत द्यायचं: “हो, बाबा ऑफिसला गेले.” ‘ला’ किंचित ठसठशीत म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्याच्याकडून वदवून घ्यायचा आग्रह नको. असं दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं करावं लागतं.

तोंडाची अडचण वेगळी. तोंडाची पोकळी लहान, टाळू उंच आणि अरुंद, स्नायू सैल. त्यामुळे जीभ मोठी वाटते. काही मुलांना मनात ठरवलेला आवाज जिभेपर्यंत नीट पोचवता येत नाही, म्हणून तोच शब्द सकाळी स्पष्ट येतो आणि दुपारी ओळखू येत नाही. मुद्दाम करतो, असं लोक म्हणतात. तसं नसतं.

या साऱ्यात मुलाच्या बाजूने भक्कम उभे राहतात ते त्याचे डोळे आणि हात. डाउन सिंड्रोम असलेली बाळं चेहरे आवडीने न्याहाळतात, हसण्याला हसून उत्तर देतात, त्यांचं ‘बाबाबा, दादादा’ इतरांहून फार मागे नसतं. मागे पडतो तो पहिला खरा शब्द. काहींचा दीड वर्षात येतो, काहींचा तीन वर्षांनी. दोन शब्द जोडायला तिसरं-चौथं वर्ष उजाडतं. मधल्या रित्या काळात ही मुलं हातवारे मात्र भरपूर करतात. त्याचा फायदा घ्यायचा. पाणी, अजून, दे, नको, झालं, झोप: शब्द बोलत बोलतच प्रत्येकाला एक खूण जोडायची. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात तयार झालेली मकाटन पद्धत याच तत्त्वावर चालते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत तशा खुणा शिकवल्या जातात. खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती जवळपास प्रत्येक घरात भेटते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलटं सांगतात: शब्द तोंडावर आला की खूण आपोआप सुटते. दरम्यान मुलाला काय हवंय ते सांगता आल्यामुळे रडारड आणि चिडचिड कमी होते, हे तर आई पहिल्या महिन्यातच सांगते.

डोळ्यांचा खरा उपयोग पुढे वाचनात होतो, आणि या भागावर मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. १९८० च्या सुमारास लेस्ली डफन या इंग्रज वडिलांनी पोर्ट्समथमधल्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांना पत्र लिहिलं. त्यांनी आपल्या मुलीला, सेराला, तिसऱ्या वर्षापासून शब्द वाचायला शिकवलं होतं, आणि ती जे वाचायला शिकली ते बोलू लागली होती. ज्यांना बोलताही येत नाही त्यांना वाचायला काय शिकवायचं, असं मानण्याचा तो काळ. बकली यांनी ते पत्र बाजूला सारलं नाही. त्यावर संशोधन उभं केलं, आणि पुढे तिथल्या केंद्राला सेराचंच नाव दिलं गेलं. कागदावरचा शब्द हवेत विरत नाही. मूल त्याच्याकडे हवा तितका वेळ पाहू शकतं. ऐकलेलं टिकत नाही ही अडचण तिथे बरीचशी निष्प्रभ होते.

मराठीसाठी यातून एक काम सुचतं. ‘आई’, ‘बाबा’, ‘दूध’, ‘चेंडू’ अशी मोठ्या अक्षरांतली शब्दपत्रं सगळेच करतात. त्यापुढे जाऊन ‘शाळा’ आणि ‘शाळेला’, ‘आजी’ आणि ‘आजीनं’ अशा जोड्या लिहाव्यात आणि शेवटचं अक्षर वेगळ्या रंगात रंगवावं. कानातून निसटणारा प्रत्यय असा डोळ्यासमोर येतो. सुरुवातीला बाराखडी घोकवत बसू नये. ओळखीचे अख्खे शब्द आधी, अक्षरं आणि मात्रा मागून, पण त्या शिकवायच्याच. शब्द ओळखणं या मुलांना जमतं, आवाज फोडून नवा शब्द वाचणं जड जातं, आणि वाचलेल्याचा अर्थ लावणं त्याहून जड.

वाचन म्हणजे जादू नव्हे, हे इथेच सांगितलं पाहिजे. यॉर्क विद्यापीठाने २०१२ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या ५७ मुलांवर काटेकोर चाचणी करून एक शिकवण्याचा कार्यक्रम पारखला. मुलांचं शब्दवाचन सुधारलं, अक्षरांचे आवाज सुधारले, शिकवलेले शब्द त्यांना आले. मात्र न शिकवलेल्या शब्दांकडे ती प्रगती पसरली नाही. मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. जे शिकवलं ते येतं, एवढं त्यातून पक्कं समजतं. म्हणून कोणते शब्द शिकवायचे याची निवड फार जपून करायला हवी. गाढव आणि जिराफ यांच्या आधी ‘दुखतंय’, ‘थांब’, ‘मला नको’, ‘माझं आहे’ हे यायला हवं.

बुद्ध्यांकाबद्दल थोडं लिहिते, कारण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तो काढावा लागतो आणि कागदावरचा आकडा पाहून घरं खचतात. बुद्ध्यांक म्हणजे समवयस्कांशी केलेली तुलना. समजा, पाचव्या वर्षी आकडा ५५ आला आणि दहाव्या वर्षी ४५. मूल मागे गेलं, शिकलेलं विसरलं, असं आईबाप समजतात. मुलाने त्या पाच वर्षांत पुष्कळ मिळवलेलं असतं. इतर मुलं अधिक वेगाने गेली, म्हणून गुणोत्तर उतरलं. शिवाय ज्या दुपारी चाचणी झाली त्या दुपारी मूल कसं होतं, यावरही बरंच ठरतं. एडिंबरोच्या जेनिफर विशार्ट यांनी या लहान मुलांच्या शिकण्याचा बारकाईने अभ्यास केला. काल जमलेलं आज जमत नाही, अवघड काम समोर आलं की मूल गोड हसतं, टाळ्या वाजवतं, परीक्षकाच्या गळ्यात पडतं आणि काम टाळतं, असं त्यांना वारंवार दिसलं. आपण त्या हसण्याला भुलतो आणि काम सोडून देतो. मुलाचा लाघवीपणा खराच असतो, पण अपयशाची भीतीही तितकीच खरी असते. काम इतकं सोपं करून द्यावं की पहिल्याच फेरीत ते जमेल, मग एक पायरी वाढवावी.

आता घरातल्या भाषेविषयी. गेली अनेक वर्षं शहरांतल्या पालकांना एक सल्ला मिळतो: मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत, शाळा इंग्रजी आहे तर घरीही इंग्रजीच बोला. पुण्या-मुंबईत हे ऐकते, आणि न्यू जर्सी किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी आईबापांकडूनही ऐकते. या सल्ल्याला आधार नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एकभाषी आणि द्विभाषी मुलांची तुलना केली. द्विभाषी मुलांचं इंग्रजी एकभाषी मुलांहून मागे नव्हतं, वर दुसरी भाषाही होती. उलट घरची भाषा काढून घेतली तर काय होतं ते पाहा. आजीला इंग्रजी येत नाही, ती गप्प होते. आई चुकतमाकत इंग्रजी बोलते, तिची वाक्यं आखूड होतात, गाणी आणि गोष्टी बंद पडतात. ज्या मुलाला इतरांपेक्षा जास्त भाषा ऐकायला हवी त्याच्या वाट्याची भाषाच अर्धी होते. मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो. ज्या बोलीत घर हसतं-रागावतं त्याच बोलीत मुलाशी बोला. शाळेची भाषा शाळेत येईल. या बाबतीत मी कुठलीही तडजोड सुचवत नाही.

आणि वय. दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत जे आलं ते आलं, पुढे भाषा वाढत नाही, असा समज तज्ज्ञांतही बराच काळ होता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉबिन चॅपमन यांनी किशोरवयातल्या आणि विशीच्या आसपासच्या मुलामुलींची भाषा वर्षानुवर्षं तपासली, तेव्हा शब्दसंग्रहाची समज वाढतच असलेली दिसली आणि बोललेली वाक्यंही लांबत गेलेली. मजकूर नसलेलं चित्रपुस्तक हातात देऊन गोष्ट सांगायला लावली, की त्यांच्या गोष्टींत पात्रं, अडचण, शेवट हे सगळं येत होतं. तुटक वाक्यांआड गोष्टीची जाण शाबूत होती. आपल्याकडे नेमकी याच वयात स्पीच थेरपी थांबते. शाळा म्हणते, आता व्यवसाय प्रशिक्षण. मेणबत्त्या, पाकिटं, कागदी पिशव्या. काम शिकवायलाच हवं. पण गिऱ्हाइकाशी, सहकाऱ्याशी, बसच्या कंडक्टरशी बोलायला लागतं तेही याच वयात. १९८०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतसुद्धा ही माणसं सरासरी पंचविशीपर्यंत जगत. आज तिथे साठीपर्यंत जगतात. आपल्याकडेही हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या आहेत. पुढची चाळीस वर्षं या माणसाला बोलायची आहेत, आणि आपण सोळाव्या वर्षी शिकवणं बंद करतो.

कायदा बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम या मुलांना शाळेत जागा देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे आणि जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणीची सोय असायला हवी. नसेल तर अर्ज करून मागा. मुंबईत जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते आहे, वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवण यांसाठी आहे. मेंदूची टॉनिकं, स्टेम सेलची महागडी इंजेक्शनं आणि ‘सहा महिन्यांत बोलतं करू’ अशा जाहिराती यांवर पैसा घालू नका. त्यांतलं काहीही या मुलांना बोलतं करतं असा पुरावा नाही, आणि त्या पैशांत कितीतरी महिन्यांची थेरपी होते.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर खुणांचं प्रकरण आधी काढा; शाळेत जाणारं असेल तर शब्दपत्रांचं; पंधराच्या पुढचं असेल तर थेट शेवटचे दोन भाग. मात्र कान, डोळे आणि झोप यांवरचं पहिलं प्रकरण सर्वांनी वाचावं. या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना जवळचं स्पष्ट दिसत नाही, आणि कार्डिफ विद्यापीठातल्या कामाने दाखवलंय की दुहेरी भिंगांचा चष्मा दिला तर त्यांचं जवळचं पाहणं सुधारतं. कितीतरी मुलं रात्री श्वास अडून अडून झोपतात, घोरतात, आणि दिवसा आळशी ठरतात. शब्दपत्रं बनवायला बसण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची आणि नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. दर सहा महिन्यांनी काय विचारायचं याची यादी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिली आहे, ती फाडून सोबत नेता येईल अशी छापली आहे.